कोबेच्या बंगल्याचं मागचं दार

जपानला जाऊन काय बघितलं, असं गावात जो तो विचारतो. बंगला बघितला, असं मी सांगतो. मग समोरचा माणूस आधी माझ्याकडे बघतो, नंतर माझ्या पाठीमागच्या बंगल्याकडे बघतो आणि पुढे काही न विचारता चहाची वाट बघत बसतो.

त्याचंही बरोबर आहे. दिघाशीला रस्त्याच्या बाजूने आमची भातशेती होती, तिथे आता गोदाम आहे. गोदामाचं भाडं सुरू झालं तसे माझ्यात दोन बदल झाले. लोक मला शेठ म्हणायला लागले आणि मला बंगला बांधावासा वाटायला लागला. त्याआधी मी शेलारला एका लूमच्या कारखान्यात मेहता होतो. मेहता म्हणजे कापड मोजायचं आणि दोन्हीकडून शिव्या खायच्या, मालकाच्या आणि कारागिरांच्या. शिव्यांची इतकी सवय होती की पहिल्यांदा कोणी 'शेठ' अशी हाक मारली तेव्हा मी मागे वळून पाहिलं.

बंगल्याचं डिझाईन ठेकेदार पांडेजींनी मोबाईलवर दाखवलं. इटलीतला कुठलासा महाल होता. "सेठ, यही बनाते हैं," ते म्हणाले आणि त्यांनी तो बनवला. पुढे गोल खांब आहेत, राजेलोकांच्या घराला असतात तसे. ते कशालाच आधार देत नाहीत, उलट त्यांनाच छताचा आधार आहे. वरून पांढरे, आतून पोकळ. डावीकडच्या खांबाच्या नक्षीला पहिल्याच उन्हाळ्यात भोक पडलं आणि तिथे खारीने घर केलं. वास्तुशांतीच्या आधी राहायला गेलेली ती एकटीच.

हॉलमध्ये भिंतीतली शेकोटी आहे. भिवंडी तालुक्यात, जिथे मे महिन्यात पंखासुद्धा गरम वारा फेकतो, तिथे मी हौसेने शेकोटी करून घेतली. बटण दाबलं की आत विजेच्या लाल ज्वाळा नाचतात. समोर पांढरे सोफे, कंपनीच्या प्लास्टिकसकट. त्यावर बसलं की मांड्या चिकटतात आणि उठताना असा आवाज येतो की पाहुणा ओशाळतो. त्यामुळे तिथे कोणी बसत नाही. आत मॉड्युलर किचन आहे, त्यात पाहुण्यांचा चहा होतो. आणि बाकीचा संसार मागच्या पडवीत.

ही पडवी जुन्या घराची उरलेली. बंगला बांधताना सामान ठेवायला म्हणून ठेवली ती राहिली. खाली शेणाने सारवलेली जमीन, कोपऱ्यात चूल, भिंतीला टेकवलेला पाटा-वरवंटा, आणि मागचं दार उघडलं की शेवग्याचं झाड. माझी बायको मंदा तिथेच भाकऱ्या थापते, तिथेच भाजी निवडते, शेजारणी तिथेच येतात. पुढचं दार आहे हे बहुतेक गावाला माहीतच नसावं. आमच्याकडे जो जवळचा तो मागच्या दाराने येतो. पुढून येतात ते फक्त पांडेजी आणि मतं मागणारे.

मला ती पडवी पाडायची होती. तिच्या जागी गाडीसाठी शेड आणि उरलेल्या जागेत हिरवळ, मध्ये कारंजं. पांडेजी तयार होते. मंदा भांडली नाही. ती भांडत नाही, ती भाकरी थापायचा वेग वाढवते. एक दिवस आमचे थोरले दादा बसलेले असताना मीच जोशात येऊन म्हणालो, "फॉरेनच्या बंगल्याला मागं पडवी असते का? कुठल्या साहेबाच्या घरात चूल दाखव, मी पडवीला हात लावणार नाही."

दादा साक्षीदार झाले. मंदाने तव्यावरची भाकरी उलटली. "बगू," म्हणाली.

कोबे, पहिले दिवस

बघायची वेळ लवकर आली. आमची श्वेता कोबेला एका वृद्धाश्रमात परिचारिकेचं काम करते. जपानी भाषा शिकून, परीक्षा देऊन गेलेली पोरगी. दिवाळी झाली की या, म्हणाली. पूर्वी दिवाळीनंतर आम्हाला मान वर करायला सवड नसायची, भात कापणीला आलेलं असायचं. आता गोदाम कापावं लागत नाही, म्हणून निघालो.

कोबे हे शहर डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये दाटीवाटीने बसवलेलं आहे. कुठेही उभं राहा, एका बाजूला चढ दिसतो आणि दुसऱ्या बाजूला बोटी. आमच्याकडे डोंगर आणि खाडी यांच्यामध्ये एवढ्या जागेत गोदामं मावतात. यांनी माणसं ठेवली आहेत. रस्ते असे स्वच्छ की खिशातला बडीशेपेचा कागद मी दिवसभर खिशातच वागवला. कचऱ्याचा डबा कुठे सापडेना. घाण नाही तिथे डबाही नाही, हे गणित मला अजून सुटलेलं नाही.

श्वेताची खोली बघून मला वाईट वाटलं. आमच्या हॉलमध्ये अशा खोल्या ओळीने मांडता येतील. पलंग नाही, रात्री गादी पसरायची आणि सकाळी कपाटात घालायची. जेवायला एक बुटकं टेबल, भोवती जमिनीवर बसायचं. मी म्हणालो, "बाळा, एवढं शिकून खालीच बसायचं?" तोपर्यंत मंदा मांडी घालून बसलीसुद्धा होती. विमानात बसल्यापासून पहिल्यांदाच तिचा चेहरा सैल झाला. पिशवीतून तांदळाचं पीठ, लसणाची चटणी आणि लोणच्याची बरणी निघाली आणि खोलीला दिघाशीचा वास आला.

सकाळी श्वेताने कोपऱ्यावरच्या दुकानातून भाताचे तिकोनी मुटके आणले, काळ्या समुद्री पानात गुंडाळलेले. कागदाला तीन बाजूंनी क्रमाने ओढायच्या पट्ट्या असतात. मी शेवटची आधी ओढली. भात माझ्या हातात आला, पान कागदात राहिलं. मंदाने श्वेताकडे बघून एकेक पट्टी ओढली आणि तिचा मुटका दुकानातल्या चित्रासारखा निघाला. एक घास खाऊन ती म्हणाली की भात मऊ आहे पण आपल्या कोलमचा वास नाही. आपला कोलमसुद्धा हल्ली अंबाडी गावातल्या दुकानातून पिशवीत येतो, हे मी तिथे बोललो नाही. तिला माहीत होतं.

डोंगरावरचा साहेब

शहराच्या वरच्या अंगाला, चढावर, जुन्या परदेशी लोकांचे बंगले आहेत. शंभरहून जास्त वर्षांपूर्वी बंदर उघडलं तेव्हा गोरे व्यापारी आले आणि त्यांनी इथे आपापल्या गावासारखी घरं बांधली. त्यातली काही आता तिकीट लावून दाखवतात. श्वेताने एक निवडलं. कापडाच्या व्यापाऱ्याचं घर होतं. कापडाचा व्यापारी म्हटल्यावर मी, शेलारचा माजी मेहता, जवळजवळ नातेवाईक म्हणूनच चढ चढलो.

चढ उभा होता. मंदा आमच्या पुढे, काष्टा न घालता काष्ट्याच्या चालीने. मी दर वळणावर थांबून समुद्राची शोभा बघत होतो. समुद्राची शोभा फार होती, दम त्याहून जास्त लागला होता.

बंगला मात्र मानला. फिकट हिरव्या लाकडी फळ्यांचा, उंच धुराडी, बाहेर फुगून आलेल्या काचेच्या खिडक्या, पुढे व्हरांडा. व्हरांड्याला लाकडी खांब होते. मी जाऊन एकावर टिचकी मारली. भरीव. दुसऱ्यावर मारली. तोही भरीव. तिसऱ्याकडे निघालो तेव्हा श्वेताने दंड धरला. "पप्पा, लोक बघतायत."

दारात चपला काढून सपाता घालायच्या होत्या. ज्या साहेबाने हे घर बांधलं तो खात्रीने बूट घालून घरभर फिरला असणार. साहेब गेला आणि त्याच्याच घरात जपानचा कायदा लागू झाला. माझ्या पायाला सपाता लहान होत्या, टाचा बाहेर. मी पुढे, श्वेता मागे, असे आत शिरलो. मंदाही मागे आहे असं आम्ही दोघं धरून चाललो.

आतला दिवाणखाना बघून मला आमच्या हॉलची लाज वाटायला हवी होती, पण अभिमानच वाटला. शेकोटी होती, भिंतीतली, खरी. मी मोबाईल काढला आणि पांडेजींसाठी फोटो घ्यायला लागलो. शेकोटीचा, झुंबराचा, पडद्यांच्या झालरीचा. पडवीच्या जागी नुसती शेड कशाला, अशी काचेची खिडकी काढून दुसरा हॉलच करावा, असा मोठा विचार मला तिथे सुचला. मोठे विचार मला उभ्याने करता येत नाहीत, म्हणून जवळच्या मखमली खुर्चीकडे वळलो. खुर्चीवर कोणाचंतरी पाईनच्या झाडाचं सुकलेलं फळ राहिलं होतं, लाकडी अननसासारखं. मी ते उचललं आणि बसलो.

पांढरे हातमोजे घातलेल्या एक बाई कुठूनतरी आल्या आणि कमरेत वाकल्या. मीही बसल्या जागी वाकलो. त्या आणखी वाकल्या. परदेशात आपली एवढी पत आहे हे मला माहीत नव्हतं. मी आणखी वाकलो, तोवर श्वेता धावत आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "पप्पा, उठा. ते फळ म्हणजे इथे बसू नका."

बसू नका हे यांना बोलायचं नसतं. पाटी लावणंही उद्धटपणाचं वाटतं. म्हणून खुर्चीवर एक फळ ठेवतात. भल्या माणसाने समजून घ्यायचं. आमच्याकडे 'येथे थुंकू नये' अशी पाटी लावली तर तिच्यावरच थुंकतात, तिथे मी फळाची भाषा कुठून शिकणार? त्या बाईंनी माझ्या हातातलं फळ दोन्ही हातांनी घेतलं, खुर्चीवर मधोमध ठेवलं, आणि माझ्याकडे बघून पुन्हा वाकल्या. या वेळचा नमस्कार मला नीट कळला.

वरच्या मजल्यावर साहेबाची निजायची खोली होती. तिथे श्वेताने विचारलं, "आई कुठेय?"

आई नव्हती. खाली नव्हती, जिन्यात नव्हती, व्हरांड्यात नव्हती. परक्या मुलखात बायको हरवली होती. तिला ना भाषा येते, ना श्वेताचा नंबर पाठ. सारखी माझ्यावर चिडलेली असते, पण घरचा रस्ता तिच्याशिवाय मलाही सापडत नाही. श्वेता खालच्या बाईंना विचारायला पळाली. मी मागच्या खिडकीपाशी गेलो आणि खाली बघितलं.

बंगल्याच्या मागे, बंगल्याला चिकटून, एक ठेंगणं कौलारू छप्पर होतं. त्याचं सरकतं दार उघडं होतं. दाराच्या पायरीवर मंदा बसली होती, चप्पल बाजूला नीट जोडून ठेवलेली. शेजारी एक जपानी आजी, डोक्याला फडकं बांधलेली. दोघींच्या मध्ये दोन डबे उघडे होते.

मागचं दार

आम्ही मागे पोचलो तेव्हा आजी आमच्या लोणच्याची फोड चाखून डोळे मिटून बसल्या होत्या आणि मंदा त्यांचं लालसर खारवलेलं आंबट फळ तोंडात घोळवत होती. दोघींचेही डोळे पाणावलेले, दोघीही खूश. दोघी एकमेकींशी बोलत होत्या. मंदा मराठीत, आजी जपानीत. कोणाचं अडत नव्हतं.

इथे कशी आलीस, मी रागाने विचारलं.

"पुढून कशी जाऊ?" मंदा म्हणाली. "पुढं गालिचा दिसला, हातमोजेवाली बाई दिसली. तो पावन्यांचा दरवाजा. पाय धुवायला, चप्पल काढायला मागंच जातात ना मान्सं? मी मागं आले. ही बाय बसलीच होती."

श्वेता हसायला लागली. मी हसलो नाही, कारण तोवर माझी नजर आत गेली होती.

आत मातीची जमीन होती. धोपटून गुळगुळीत केलेली, खरी मातीची. तिच्यावर एका बाजूला मातीचीच चूल, दोन तोंडांची, वर लाकडी झाकणाचं काळं भातपात्र. पलीकडे हातभर उंच ओटा, त्यावर चटया अंथरलेल्या, आणि एक बुटकं टेबल. वर धुराने काळे झालेले वासे.

मी श्वेताला हळूच म्हणालो, नोकरांची जागा असेल, विचार. तिने विचारलं. आजी ही जागा झाडून-पुसून ठेवायचं काम करत होत्या. त्यांनी तोंडातली फोड संपवली, हात पुसले आणि बरंच काही सांगितलं. श्वेता ऐकत गेली आणि मधूनमधून माझ्याकडे बघत गेली, ते मला आवडलं नाही.

साहेबाची बायको इथलीच होती. लग्न झाल्यावर तिने पुढच्या खोल्या एकदा बघितल्या आणि ही जागा बांधून घेतली. साहेब पुढे बसून व्यापाऱ्यांना भेटायचा. व्यापारी गेले की कोट काढून मागे यायचा. मुलं इथेच वाढली. पुढचा दिवाणखाना थंडीत गरमच व्हायचा नाही, एवढा मोठा.

"आम्ही लोकांना सांगतो की साहेब पुढे राहायचे," आजी म्हणाल्या, असं श्वेताने सांगितलं. "राहायचे इथेच. पुढे ते पाहुण्यांसारखे बसायचे."

मंदाने डब्यातली भाकरी मोडून आजींच्या हातावर ठेवली. मग माझ्याकडे न बघता चुलीकडे बघत राहिली, जरा जास्त वेळ.

मी बाजू लढवायचा प्रयत्न केला, ते सांगायला हवं. ही काही पडवी नव्हे, म्हणालो. ह्याला चटया आहेत, ही जपानी पद्धतीची खोली आहे, इथली संस्कृती वेगळी.

"चूल हाय," मंदा म्हणाली. "खाली बसतात. दार मागं उघडतंय. अजून काय पायजे, शेन?"

श्वेताने याचं भाषांतर केलं. तिने ते करायला नको होतं. आजी तोंडावर हात धरून एवढ्या हसल्या की पुढून हातमोजेवाल्या बाई बघायला आल्या, आणि मला तिथे बघून सवयीने वाकल्या.

तिथून निघताना एक गोष्ट लक्षात आली. पुढे लोक रांगेने फोटो काढत होते. मागे आम्ही होतो तेवढा वेळ एकही माणूस आला नाही. तिकिटाच्या कागदावरच्या नकाशात ती जागा दाखवलीच नव्हती. घराचा राहता भाग तेवढा वगळलेला. मोबाईलमध्ये बघितलं तर माझ्याकडेही शेकोटीचे ढीगभर फोटो होते, चुलीचा एक नव्हता.

संध्याकाळी आम्ही बंदरावर बसलो. बोटींवर दिवे लागत होते. मंदा मन लावून मासळी खात होती आणि अजिबात विषय काढत नव्हती. जिंकलेल्या माणसाने निदान एकदा तरी टोचून बोलावं म्हणजे आपल्याला भांडता येतं. शेवटी मीच विचारलं, काय विचार चाललाय?

"ती फळाची युक्ती चांगली हाय," ती म्हणाली.

दिघाशी

घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी अंबाडीला कामाने गेलो होतो. परत आलो तर हॉलमध्ये प्रत्येक सोफ्यावर मधोमध एकेक नारळ ठेवलेला. शेंडीसकट, शेंडी वर. प्लास्टिकवरून घसरू नये म्हणून खाली जुन्या साडीची चुंबळ. मी काही विचारलं नाही. जपानला जाऊन आलेला माणूस मी, मला कळलं.

दादांना कळलं नाही. ते जपानचे फोटो बघायला, मान म्हणून पुढच्या दाराने आले. दारात थबकले. नारळ बघून त्यांनी टोपी सारखी केली, हात जोडले आणि कसली पूजा मांडली आहे असं विचारलं. मग त्या सोफ्यांना पाठ न दाखवता, बाजूबाजूने सरकत मागे पडवीत गेले. थोड्या वेळाने मागून त्यांचं हसणं ऐकू आलं. मंदाने सगळं सांगितलं असणार, शेणासकट. साक्षीदार दादाच होते, त्यामुळे निकालही तिथेच लागला, माझ्या गैरहजेरीत.

तेवढ्यात पांडेजींचा फोन आला. "सेठ, आ गए? जेसीबी कब भेजूँ?"

हॉलमध्ये उभं राहूनच बोलावं लागलं, बसायला जागा नव्हती. मी सांगितलं की पडवी पाडायची नाही, तसं ठरलंय. पांडेजी म्हणाले, गाडीच्या शेडचं काय, लोखंड सांगून ठेवलंय.

मी फोनवर हात ठेवला आणि मागे आवाज दिला, "अगं, गाडी कुठे लावायची विचारतायत."

भाकरी थापायचा आवाज थांबला. "हॉलात लाव म्हनावं," मंदा म्हणाली. "केवडा मोठा हाय, कोन बसतंय तिथं? शेकोटीपन हाय, थंडीत इंजिन गरम राहील."

दादा हसले. मीही हसत पांडेजींना ते सांगितलं. म्हटलं, चेष्टा ऐका. पण ठेकेदार माणसाला चेष्टा कळत नाही, काम कळतं. त्यांनी जरा विचार केला.

"हो जाएगा सेठ," ते म्हणाले. "बस सामने के दो खंबे निकालने पड़ेंगे."

मी व्हरांड्यात आलो आणि खांबांकडे बघितलं. डावीकडच्या खांबाच्या नक्षीतून खारीने डोकं बाहेर काढलं होतं. तीही थेट माझ्याकडे बघत होती. साऱ्या बंगल्यात पुढच्या बाजूला खरोखर राहणारी ती एकटी, आणि नेमका तिचाच खांब मध्ये येत होता. कळवतो, म्हणून मी फोन ठेवला.

गाडी अजून उन्हातच उभी असते. तुम्ही कधी आमच्याकडे आलात तर घंटी वाजवू नका, ती हॉलमध्ये वाजते आणि हॉलमध्ये नारळ बसलेले असतात. बंगल्याला वळसा घाला. शेवग्याचं झाड दिसेल. चप्पल तिथेच काढायची.